गाडीच्या मापाची पेटी

“मॅडम, गाडी बाजूले घ्या. नाईतर तिच्याबी पाट्या पडतीन.”

मी दचकून मागे पाहिलं. पाऊस असा आडवा मारत होता, की पुसद रोडवर जे पहिलं पत्र्याचं छप्पर दिसलं त्याखाली मी गाडी घातली होती. ते छप्पर आरामशीनचं आहे, आणि मी उभी आहे तिथूनच ओंडके पात्याकडे जातात, हे त्या माणसानं बोट दाखवेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पातं बंद होतं. तरी मी गाडीसकट चार हात मागे सरकले.

तो हसला. केसांत, भुवयांत, अगदी पापण्यांवरसुद्धा लाकडाचा भुसा... आणि त्या भुशातून हसणारे दोन डोळे. त्या दिवशी मला कुणाचंही हसणं सहन होण्यासारखं नव्हतं. यवतमाळला सकाळपासून फिरून आले होते. सगळीकडे एकच उत्तर मिळालं होतं – असलं काम आम्ही करत नाही.

पण आरामशीन म्हटल्यावर आशा सुटेना.

“तुम्ही पेट्या बनवता का?” मी विचारलं.

“बनवतो न. कायची पाह्यजे? कपड्याची, का धान्याची?”

“गाडीची.”

“गाडीची पेटी?” त्यानं माझ्या ओल्या मोटारसायकलकडे चाकापासून आरशापर्यंत पाहिलं. “कुठी ठेवाची हाये?”

“ठेवायची नाही, पाठवायची आहे. आफ्रिकेला.”

“आफ्रिकेले...” तो ओठ दाबून म्हणाला. “अन् कायनं?”

“विमानानं.”

त्याचं हसू गेलं. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यानं एक स्टूल पुसलं, माझ्यापुढे सरकवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “बसा. पाणी पेता काय?”

पुढे खूप दिवसांनी त्यानं मला सांगितलं – त्याला वाटलं होतं, पोरगी दिसायला बरी हाये, पण बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला.

पाऊस थांबेना, म्हणून मी त्याला सगळंच सांगितलं. मी समीक्षा खिल्लारे, ढाणकीकडच्या गावांची कृषी सहायक. रोज याच गाडीवर बांधाबांधानं फिरते – कुठे हळदीवर करपा, कुठे कपाशीवर बोंडअळी. गाडी शिकवली बाबांनी. ते उमरखेड डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. आणि आता देशभरातून निवडलेल्या पाच बायकांमध्ये माझं नाव आलं होतं. नैरोबीपासून केपटाउनपर्यंत, ज्या-त्या बाईनं आपापल्या गाडीवर जायचं. बाकीच्या चौघींच्या गाड्या कधीच्या जहाजानं रवाना झाल्या होत्या. माझी रजा मात्र मंजूर होता होता जहाज निघून गेलं. आता दुसरं जहाज धरलं तर गाडी पोचेपर्यंत त्या चौघी केपटाउनहून परत आल्या असत्या. राहिलं विमान.

“नागपूरचा एजंट तयार आहे,” मी म्हणाले, “पण गाडी नुसती चढवत नाहीत. लाकडी पेटीत बंद पाहिजे, आणि त्यानं दिलेल्या मापाच्या आत. माप चुकलं तर विमानात जागा नाही. तारीख चुकली तर—”

“तर?”

“तर काही नाही.” मी ओढणीचं ओलं टोक पिळलं. “ढाणकीच्या शाळेत सत्कार झालाय हो माझा. शाल-नारळ घेऊन बसलीये मी घरी.”

 त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. टाकीवर बोटं टेकवली, जशी एखाद्या बैलाच्या पाठीवर टेकवावीत तशी.

“उद्या आणजा,” तो म्हणाला. “माप घेऊ.”

*

त्याचं नाव अंकुर राठोड. आरामशीन त्याच्या वडिलांची, रामसिंगकाकांची. पण काकांना आता कमी ऐकू यायचं आणि सगळं काम अंकुरच बघायचा. दारं, चौकटी, पलंग, देव्हारे. मोटारसायकलची पेटी आमच्या पंचक्रोशीत बहुधा पहिलीच.

दुसऱ्या दिवशी त्यानं टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तो गाडीच्या पलीकडे गेला.

“हँडल लय रुंद हाये.”

“सोडवून फिरवायचं.”

“आरसे?”

“काढायचे.”

“पुढचं चाक?”

“तेही काढून बाजूला बांधायचं. हवा कमी करायची, पेट्रोल सगळं काढायचं, बॅटरीच्या वायरी सोडवून टोकांना टेप लावायची.”

“मंग गाडीत राह्यलं काय?” तो म्हणाला. मग एकदम गंभीर होऊन, “तुमची उंची कितीक?”

“माझी? कशाला?”

“काई नाई... पेटीत तुमी बी बसल्या तर येगळं तिकीट नाई लागनार.”

मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही. कितीतरी दिवसांनी मी हसत होते. त्यानं मान खाली घालून माप लिहिलं, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

मग रोज संध्याकाळी मी आरामशीनवर जाऊ लागले. काम पाहायला – असं मी आईला सांगायचे. आईचं नाव सत्यशीला, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही. “पेटी पाह्यले रोज जा लागते काय?” ती विचारायची. मी काहीतरी पुटपुटायचे. पण खरंच, मला काळजीनं घरी बसवत नव्हतं. शेतात कीड पकडायच्या कामगंध सापळ्यातले पतंग मोजताना मधेच आकडा हरवायचा... पेटीची पाटी तुटली तर? विमानात गाडी पडली तर? मी कधी विमानात बसलेली नाही, परकी भाषा, परके रस्ते, आणि चौघी पुढे गेल्यावर मी एकटीच मागे राहिले तर?

हे सगळं मी अंकुरला सांगायचे. तो रंधा मारता मारता ऐकायचा. उगाच धीर द्यायचा नाही. एकदा फक्त म्हणाला, “तुमाले भेव वाट्टे, हे तुमच्या घरी माईत हाये?”

“नाही.”

“फक्त मलेच माईत?”

“हो.”

रंधा थांबला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मी पटकन गाडीकडे पाहिलं. त्या क्षणापासून माझ्या काळज्यांमध्ये आणखी एका काळजीची भर पडली, आणि तिचं नाव घ्यायची माझी हिंमत नव्हती.

आरामशीनला लागूनच त्यांचं घर. आईला तो ‘याडी’ म्हणायचा. त्यांच्या गोरबोलीत आईला तसंच म्हणतात. मी गेले की ती “आव बेटी, बेस” म्हणत पाटावर बसवायची आणि लिंबाचा काळा चहा द्यायची. एका संध्याकाळी चहा देता देता ती म्हणाली, “रविवारी तू नको येजो बेटी. दिग्रसचे पाव्हने येऊन राह्यले. अंकुरले पाह्यले.”

“हो... हो का? बरं झालं.” मी म्हणाले. चहानं जीभ पोळली.

आमच्यात आणि त्यांच्यात असं काही जुळत नाही, हे मला माहीत होतं. आम्ही बौद्ध, ते बंजारा. शेजार चांगला, जेवणखाण चांगलं, लग्नात आहेर चांगला – पण लग्न आपापल्यात. आणि जुळवायचं तरी कुणी? तो पेटी बनवत होता, आणि ती पूर्ण झाली की मी निघून जाणार होते. त्याची प्रत्येक पाटी मला त्याच्यापासून दूर नेत होती. तरी मीच रोज विचारायचे – झाली का, किती राहिली?

*

शुक्रवारी पेटी झाली. सागवानाची, कोपरे असे जुळलेले की नखही शिरू नये. रामसिंगकाका त्याला ओरडले होते, गाडीच्या खोक्याला कुणी साग लावतं काय म्हणून. त्यानं ऐकलं नव्हतं. मी त्या पाट्यांवरून हात फिरवला. आत ताज्या लाकडाचा वास कोंडला होता.

“लय सुंदर झाली,” मी म्हणाले.

“हो न?” तो म्हणाला. पण तो पेटीकडे पाहत नव्हता.

मी फोटो काढून नागपूरला एजंटला पाठवला. तिथेच उभी राहून उत्तराची वाट पाहिली. उत्तर म्हणून फोनच आला.

“मॅडम, पेटी फार छान आहे. पण लाकडावर शिक्का कुठे आहे?”

“कसला शिक्का?”

“परदेशात जाणारं लाकूड भट्टीत तापवलेलं लागतं, कीड जाऊ नये म्हणून. तापवल्याचा शिक्का असतो त्याच्यावर. त्याच्याशिवाय विमानात घेणार नाहीत... मी सांगितलं होतं ना?”

सांगितलं असेल. त्या दिवसांत मला इतक्या जणांनी इतकं काही सांगितलं होतं. मी फोन ठेवला आणि तिथेच, भुशाच्या ढिगावर बसून रडायला लागले. सगळं संपलं होतं. पुढच्या गुरुवारच्या आत पेटी विमानतळावर पोचायला हवी होती, आणि आमच्याकडे होती फक्त एक सुंदर, निरुपयोगी पेटी.

अंकुर समोर उकिडवा बसला. 

“रडू नका,” तो म्हणाला. “तुमी रडून राह्यल्या का मले काई सुचत नाई.”

“तुमची मेहनत वाया गेली हो...”

“कायची वाया? याडी त्याच्यात ज्वारी भरन. तुमी फक्त एवढं इचारा त्यायले, तसं शिक्क्याचं लाकूड कुठी भेटते.”

नागपूरच्या बाहेर एका कारखान्यात मिळत होतं. रविवारी सकाळी गोदाम उघडं ठेवतो, म्हणाले ते.

रविवारी.

“रविवारी तुमच्याकडे पाव्हने...” मी म्हणाले.

“हो,” तो उठत म्हणाला. “येतीन.”

रविवारी सकाळी मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं बाजारात निघाले, आणि तरीही आरामशीनवरून गेलेच. लाकडं आणायचा अंकुरचा टेम्पो जागेवर नव्हता. अंगणात धुतलेल्या धोतरातली, फेट्यातली पाहुणेमंडळी बसली होती, आणि याडी दारात उभी राहून रस्त्याकडे पाहत होती. माझी तिची नजरानजर झाली.  मला अपराधी वाटलं, खूप अपराधी... आणि त्याच्या तळाशी इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटली.

सोमवारी गेले तेव्हा नव्या पाट्या अंगणात रचलेल्या होत्या. फिकट, हलक्या, प्रत्येकीवर काळा शिक्का.

“पाव्हने?” मी विचारलं.

“बसून गेले म्हंते.”

“याडी रागावली असेल.”

“बोलूनच नाई राह्यली.” त्यानं पाटी उचलली. “तू हे टोक धर जरा.”

‘तू’ म्हणाला. त्याच्याही ते लक्षात आलं आणि तो अडखळला. मी टोक धरलं.

“धरलं,” मी म्हणाले. “तू काप.”

*

बुधवारी पहाटे निघायचं होतं. आदल्या संध्याकाळी बाबा आले गाडी बांधताना पाहायला. माझे बाबा, बळीराम खिल्लारे, कमी बोलतात. पुढचं चाक काढलं, हँडल फिरवलं, पेट्रोल नळीनं डब्यात काढलं. अंकुरनं पट्टे आवळून गाडी तळाच्या पाट्यांना बांधली. बाबांनी वाकून प्रत्येक पट्टा ओढून पाहिला.

“बरा बांधला,” ते म्हणाले. बाबांनी आजवर माझ्याही कुठल्या कामाला याहून जास्त म्हटलेलं नाही.

आई मात्र रात्रीपासून कुरकुरत होती. “एकटी जाशीन त्याच्यासंग? तुमीबी जा न हो.”

“मी कायले?” बाबा म्हणाले. “ते रोज एकटीच फिरते. अन् आता तर पार आफ्रिकेत चालली.”

महागाव येईपर्यंत उजाडलं. आर्णीच्या पुढे आभाळ फुटलं. वारा असा सुटला की टेम्पो रस्त्यावर हलायला लागला, आणि मागून फटफट आवाज यायला लागला. मी खिडकीतून पाहिलं – ताडपत्रीची दोरी तुटली होती.

“अंकुर, पेटी भिजते!”

त्यानं कडेला गाडी घेतली. आम्ही दोघंही उतरून मागे चढलो. ताडपत्री वाऱ्यानं फुगून हातातून निसटत होती. पाणी पाट्यांवरून ओघळत होतं. शिक्का पुसला तर? आत पाणी गेलं तर? मी वेड्यासारखी ओढणीनं पेटी पुसत होते. त्यानं स्वतःचा रेनकोट काढून कोपऱ्यावर टाकला, एका हातानं ताडपत्री दाबली आणि दुसऱ्या हातानं माझा हात पकडून तिच्यावर ठेवला.

“इथं दाब. सोडू नको.”

मी दाबलं. तो दोरी ओवत गेला, गाठ मारत आला. नखशिखांत भिजला होता. शेवटची गाठ माझ्या हातापाशी आली. ती मारून झाली... तरी त्याचा हात तिथेच होता.

“झालं?” मी विचारलं.

“झालं.”

“मग सोड न हात.”

“सोडला तर ताडपत्री उडन.”

“गाठ तर बांधली तू.”

“हो,” तो म्हणाला. “बांधली खरी.”

शेजारून एक ट्रक भोंगा वाजवत गेला आणि आमच्या अंगावर पाण्याचा फवारा उडाला. आम्ही गपचूप खाली उतरलो. टेम्पो यवतमाळकडे निघाला. काचेवर वायपर इकडून तिकडे, तिकडून इकडे. माझं मनही तसंच. तो काही म्हणेल का? म्हणाला तर मी काय म्हणू? आणि नाहीच म्हणाला तर?

*

विमानतळावरच्या मालगोदामात दुपार झाली. पेटीचं माप घेतलं – बसत होतं. शिक्के पाहिले – दिसत होते. परदेशी जाणाऱ्या गाडीलाही पासपोर्टसारखा एक कागदांचा संच लागतो, तोही तपासला. माझा श्वास जरा मोकळा झाला. तेवढ्यात तपासणीचा माणूस पेटीजवळ वाकला आणि त्यानं नाक मुरडलं.

“पेट्रोलचा वास येतोय.”

“शक्य नाही,” मी म्हणाले. “सगळं काढलंय.”

“वास येतोय, मॅडम. असा माल विमानात जाणार नाही. उघडा, टाकी कोरडी करा. काउंटर बंद व्हायच्या आत जमलं तर बघू. नाहीतर पुढच्या आठवड्यात.”

पुढच्या आठवड्यात चौघी निघून गेल्या असत्या.

मी अंकुरकडे पाहिलं. तो जागच्या जागी उभा होता. एक क्षण... कदाचित दोन. मग धावत जाऊन त्यानं टेम्पोतून पाना-पेचकस आणलं, आणि एकामागून एक स्क्रू काढायला सुरुवात केली. एक बाजू उघडली. वास आलाच. मी गुडघ्यांवर बसून टाकी सोडवली, हातात घेतली, तिरकी केली – आणि आत चुबुक असा आवाज झाला. टाकी गाडीच्या मधल्या दांड्यावर खोगिरासारखी बसते, दोन्हीकडे पोट असतं. नळी आम्ही एकाच पोटात घातली होती. दुसऱ्यात पेट्रोल तसंच होतं.

गोदामाबाहेर मोकळ्यावर नेऊन आम्ही ती उलटी केली. पेट्रोल डब्यात घेतलं. मग तोंड उघडं ठेवून पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो, एकदा तो, एकदा मी. पाऊस उघडला होता. लांब धावपट्टीवर एक विमान वळत होतं.

“समीक्षा,” तो टाकीकडे पाहत म्हणाला, “एक सांगू? रागावशीन तू.”

“सांग.”

“त्या मानसानं वास येते म्हनलं न... तवा मले बरं वाटलं.”

मी वारा घालायची थांबले.

“एकच मिनिट,” तो घाईनं म्हणाला. “वाटलं, नाई जाऊन राह्यली गाडी. मंग तूबी नाई जानार. मंग रोज संध्याकाळी येशीन तू... अन् मंग माहीच मले लाज वाटली. तू कवापासून झुरून राह्यली याच्यासाठी, अन् मी असा इचार करून राह्यलो. म्हनून सांगतलं. मनात ठेवून तुले पाठोनं मले जमत नोतं.”

 पुठ्ठा हातात तसाच होता.

“मलेबी,” मी म्हणाले.

“काय तुलेबी?”

“मलेबी बरं वाटलं. एकच मिनिट.”

त्यानं वर पाहिलं. त्याच्या भुवईत अजूनही थोडा भुसा होता, एवढ्या पावसानंतरसुद्धा. किती वेळ आम्ही तसे पाहत राहिलो कोण जाणे. मग गोदामातून कुणीतरी हाक मारली – काउंटर बंद होतोय!

“आता काय कराचं?” मी विचारलं. मला टाकीबद्दल विचारायचं नव्हतं.

“आता टाकी बसव,” तो म्हणाला. तो उठलाही होता. “आधी गाडी जाऊ दे. जाशीन तर तू पुरी जा. अर्धं मन इथं ठेवून जाऊ नको, रस्त्यानं पडशीन.”

टाकी बसवली. स्क्रू आवळले. तपासणीचा माणूस पुन्हा वाकला, थांबला, आणखी एकदा वास घेतला. 

“ठीक आहे,” तो म्हणाला. “घ्या आत.”

पेटी रोलरवरून आत गेली. रबरी पडदा हलला आणि मिटला. मला रडू आलं. का, ते विचारू नका.

*

त्यानंतर तीनच दिवसांनी मी निघाले. बसस्टँडवर आई-बाबा, ऑफिसचे लोक, शेजारपाजार, सगळे होते. अंकुर लांब, रसवंतीपाशी उभा होता. जवळ आला नाही. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा त्यानं हात वर केला आणि तसाच धरून ठेवला, बस वळेपर्यंत. त्या गोदामाबाहेरच्या बोलण्यानंतर आमच्यात पुढे काहीच ठरलं नव्हतं. तो विषय काढत नव्हता. मी काढायला घाबरत होते.

नैरोबीत पोचले तर पेटीचा पत्ता नाही. मधल्या कुठल्याशा विमानतळावर उतरवली होती, एवढंच कळत होतं. आमच्या तुकडीची म्होरकी ममता, पुण्याची, स्वभावानं प्रेमळ पण हिशेबाला पक्की. ती म्हणाली, “समीक्षा, उद्यापर्यंत वाट पाहू. त्यानंतर आम्हाला निघावं लागेल.” चौघींच्या गाड्या अंगणात धुऊनपुसून उभ्या होत्या. मी रात्रभर कूस बदलत राहिले. अंकुरचा फोन यायचा. “आली?” “नाही.” “येईन पेटी.” एवढंच. फोन ठेवायला मात्र दोघांनाही वेळ लागायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. पेटी आली होती.

गोदामातला उंचापुरा माणूस पहार घेऊन पुढे आला. मी ओरडलेच, “नको, थांबा! स्क्रू आहेत!” पेचकस घेऊन मी स्वतः एकेक स्क्रू काढला.  पाटी बाजूला झाली... गाडी होती. जशी बांधली तशीच, एक पट्टाही ढिला झाला नव्हता. चौघींनी हात लावला. चाक बसलं, हँडल सरळ झालं, बॅटरी जोडली, पेट्रोल घातलं. बटण दाबलं – काही नाही. पुन्हा दाबलं – खोकली, गप्प झाली.  तिसऱ्यांदा दाबलं आणि तिनं असा आवाज टाकला की ममतानं टाळ्याच वाजवल्या.

मी कोपऱ्यात जाऊन त्याला फोन लावला.

“सुरू झाली,” मी म्हणाले.

पलीकडून आरामशीनचा आवाज येत होता. तो थांबला. “खरंच?”

“खरंच. आता निघून राह्यलो आम्ही.”

“समीक्षा... एक सांगाचं होतं. तू निघाच्या आधी.”

“काय?”  दिग्रस? दुसरे कुणी पाहुणे?

“काल तुह्या घरी जाऊन आलो मी.”

“आमच्या घरी? कायले?”

“सांगाले. तुह्या बाबाले अन् आईले. का बा असं असं हाये म्हनून.”

मला बसायला काही सापडेना. मी भिंतीला टेकले. “अन्?”

“बाबा लय वेळ काई बोललेच नाई. आई उठून आत गेल्या. मले वाटलं, झालं, आता चप्पल घाला अन् निंगा. मंग आई पोहे घेऊन आल्या.”

“मंग?”

“मीठ नव्हतं त्याच्यात. मी खाल्ले सगळे.”

मला हसू आणि रडू एकदमच आलं. “बाबा काय म्हणाले?”

“म्हने, पोरगी वापस येऊ दे, तिले इचारून पाहू. माह्या घरी याडी अजून फुगून हाये, पन काल तिनंच इचारलं, ते बेटी तिकडं काय खात असन म्हनून. तर मी तुह्या बाबाले म्हनलं, तुमच्या पोरीले मीच इचारतो. उद्याच इचारतो.”

“मग इचार न.”

  माझ्या मागे एकेक करून गाड्या सुरू होत होत्या.

“माह्याशी लग्न करशीन?” तो म्हणाला.

“हो,” मी म्हणाले.

तेवढ्यात ममतानं हेल्मेट घालून गाडी रेस केली, आणि तिच्यामागून बाकीच्या तिघींनीही.

“काय?” अंकुर ओरडला. “ऐकू नाई आलं! काय म्हनली तू?”

“हो म्हनलं!” मी बेंबीच्या देठापासून ओरडले. “हो! हो म्हनलं न रे!”

चौघींनी एकदम मागे वळून पाहिलं. पहारवाला माणूससुद्धा. भाषा त्याला कळली नसेल, पण तो पांढरे दात दाखवत हसला. मी फोन खिशात घातला, डोळे पुसले, हेल्मेट चढवलं आणि गाडी गेटबाहेर काढली.